तसबिरीची चौकट: हत्यारांची निगा आणि सामानाची निवड

माझी नोकरी गेली लष्कराच्या ईएमई कोअरमध्ये, म्हणजे रणगाड्यांपासून घड्याळांपर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करणाऱ्या खात्यात. निवृत्तीनंतर बडोद्यात राहिलो आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फ्रेमा करण्याचं छोटं वर्कशॉप टाकलं. धंदा म्हणून नव्हे. एका चुकीची भरपाई म्हणून, असं म्हटलं तरी चालेल. ती चूक आधी सांगतो.

नव्वदच्या दशकात माझ्या युनिटमधले एक सुभेदारसाहेब निवृत्त झाले. युनिटचा ग्रुप फोटो मी आमच्याच वर्कशॉपमध्ये फ्रेम करून त्यांना भेट दिला. सागाची पट्टी, चकचकीत पॉलिश, मागे हार्डबोर्ड, कडेने तपकिरी चिकटपट्टी. दिसायला फ्रेम उत्तम होती. वीस-बावीस वर्षांनी त्यांच्या पत्नी ती घेऊन बडोद्याला मुलाकडे आल्या तेव्हा सुभेदारसाहेब नव्हते. वहिनी म्हणाल्या, "साहेब, ह्यांचा चेहरा काचेला लागलाय. निघंल का?" कोकणातल्या घरात वीस पावसाळे काढलेला तो फोटो काचेला घट्ट चिकटला होता आणि मागून हार्डबोर्डाचे तपकिरी डाग आले होते. वर्दीतला त्यांचा तेवढाच एक फोटो घरात उरला होता. फ्रेम माझ्या हातची, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती.

तिथे काय चुकलं ते आधी समजून घेऊ, मग हत्यारांकडे वळू.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो फुगतो, मऊ होतो आणि समोर काच टेकलेली असेल तर तिलाच धरून बसतो. म्हणून फोटो आणि काच यांच्यात हवेची जागा हवीच. ही जागा माउंट देतो. माउंट म्हणजे चित्राभोवती दिसणारी ती पांढरी किंवा रंगीत पुठ्ठ्याची खिडकी. लोकांना वाटतं ती शोभेची आहे. तिची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, पण तेवढ्यानं फोटो वाचतो. माउंट नको असेल तर काचेच्या कडेला, पट्टीच्या खाचेत लपतील अशा बारीक पट्ट्या घालाव्यात, पण अंतर ठेवावं.

दुसरी चूक हार्डबोर्डाची. लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं. ते जुनं होत जातं तसं आम्ल सोडतं आणि शेजारचा कागद पिवळा, मग तपकिरी करतं. स्वस्त माउंटबोर्डाच्या गाभ्यातही हाच लगदा असतो. घरातल्या जुन्या फ्रेमा बघा. माउंटच्या तिरप्या कापाची कड तपकिरी झाली असेल तर चित्राच्या कडेवर तशीच भाजल्यासारखी रेघ उमटलेली सापडेल. तेव्हा चित्राला टेकणारे दोन थर, म्हणजे समोरचा माउंट आणि लगेच मागचा पुठ्ठा, आम्लरहित घ्या. त्यातला सर्वांत चांगला कापसाच्या चिंध्यांपासून केलेला असतो. त्याखालोखाल लिग्निन काढून शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचा. हार्डबोर्ड वापरायचाच असेल तर तो त्याच्याही मागे, मजबुतीपुरता.

पुणे, सांगानेर, पुदुच्चेरी इथे सुती चिंध्यांचा हातकागद बनतो. तो सुंदर असतो, पण 'हातकागद' म्हणजे 'आम्लरहित' असं धरून चालू नका. कागदाला तुरटी आणि राळेची कांजी दिली असेल तर तो आम्लधर्मीच होतो. दुकानदाराला सरळ विचारा. आम्लता तपासायचं पेनही मिळतं. त्याची रेघ जांभळी उमटली तर कागद ठीक, पिवळी राहिली तर आम्लधर्मी. रेघ पुठ्ठ्याच्या तुकड्यावरच मारा, चित्रावर कधीही नको. रंगीत पुठ्ठ्यावर या पेनाचा उपयोग नाही.

एक अपवाद आमच्या इंजिनिअर लोकांसाठी. पुष्कळ आम्लरहित बोर्डांत चुन्याचं कार्बोनेट घातलेलं असतं, म्हणजे ते किंचित अल्कधर्मी असतात. आजोबांच्या काळातली निळी ब्लूप्रिंट अल्कानं फिकट पडते. रेशीम आणि लोकर यांनाही ते मानवत नाही. अशा वस्तूंसाठी कार्बोनेट न घातलेला सुती बोर्ड मागा.

आता चित्र बोर्डावर बसवायचं कसं? सेलोटेप नको, फेविकॉल नको, दोन बाजूंनी चिकटणारा टेप तर नकोच. आणि कृपा करून जुना फोटो एमडीएफवर लॅमिनेट करून घेऊ नका. एकदा चिकटला की तो त्या फळीचाच झाला. चित्राला वरच्या कडेवर दोन कागदी बिजागऱ्या पुरतात. लांब धाग्यांच्या पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ. चित्र लोंबतं राहतं, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, अडत नाही. चारही कडा चिकटवल्या तर ते लाटांसारखं उठतं. बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तांबं कागदाला घातक, म्हणून इथे मोरचूद घालू नका. थोडीच खळ करा, उरली तर टाकून द्या. फोटोला तर खळही नको. चार कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करा, फोटो त्यांत बसतो आणि हवा तेव्हा निघतो.

आता माझा आवडता विषय, हत्यारं. लष्करात गाड्यांची मेंटेनन्स परेड असते. गाडी चालो न चालो, ठरल्या दिवशी तिचं बॉनेट उघडायचं. माझ्या शेडमध्ये ती शनिवारी सकाळी असते.

पट्टी कापायला माझ्याकडे पायानं दाबायचं गिलोटिन आहे. 45-45 अंशांत बसवलेली दोन पाती एका दाबात व्ही आकाराची खाच पाडतात. कोपरा जुळत नाही तेव्हा नवशिके पुट्टी शोधतात. आधी हिशोब समजून घ्या. चौकटीला चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्ध्या अंशानं चुकला तर एका कोपऱ्यात एक अंश आणि शेवटच्या कोपऱ्याला पोचेपर्यंत चार अंश. तीन कोपरे दाबून बसवले तर चौथ्यात, 40 मिलिमीटर रुंद पट्टी असेल तर, साधारण 4 मिलिमीटरची फट. तीत आगकाडी जाते! म्हणून शनिवारी पहिलं काम: टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापून जोडायचे आणि आत गुण्या लावून उजेडासमोर धरायचं. फट दिसली की मशीनच्या आडव्या टेकणीमागे पाहायचं. दहातल्या आठ वेळा कोन बिघडलेला नसतो, टेकणीमागे लाकडाचा कपचा अडकलेला असतो. स्क्रू पिळण्याआधी ब्रश मारा.

पाती बोथट झाल्याची खूण म्हणजे कापाची कड कुसकरल्यासारखी दिसते आणि सोनेरी वर्ख लावलेल्या पट्टीचा वर्ख कडेला उडतो. पायाला जोर जास्त लागतो ही त्याहून आधीची खूण. एका दाबात पूर्ण खोली गाठू नका. तीन-चार घास घ्या, आणि शेवटचा घास इतका पातळ की नुसती साल निघावी. धार लावायला दोन्ही पाती एकत्रच द्या, नाहीतर एकाची उंची कमी होऊन कोन बदलतो. ग्राइंडिंग करणाऱ्याकडे पाणी सोडत घासायची सोय आहे का ते बघून द्या. पातं परत आल्यावर धारेवर निळी झाक दिसली तर समजा, गरम होऊन पोलादाचं पाणी उतरलं. ते पातं आता टिकणार नाही. जास्तीची एक जोडी ठेवलीत तर काम अडत नाही. पात्यावर राळ बसते ती रॉकेल किंवा टर्पेंटाइननं पुसा. सरकत्या भागांना तेल द्या आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपा, कारण तेलाचा थेंब कच्च्या लाकडावर पडला की पॉलिश तिथे धरत नाही. आणि ही पाती बोटं विचारत नाहीत. साफ करताना पेडलखाली ठोकळा ठेवल्याशिवाय हात घालायचा नाही, हा माझ्या शेडचा स्टँडिंग ऑर्डर आहे.

समोरासमोरच्या दोन पट्ट्या मात्र एका लांबीच्या हव्यात. त्या पाठीला पाठ लावून उभ्या करा आणि बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला कळतो.

कोपरा जोडताना सरेसाबरोबर मी व्ही आकाराच्या पत्र्याच्या पिना मारतो, हवेच्या दाबावरच्या मशीननं. या मशीनचा शत्रू पाणी. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतली वाफ थिजते आणि तेच पाणी पुढे जाऊन आतला दट्ट्या गंजवतं. टाकीखालचा नळ रोज संध्याकाळी उघडा. मुंबई, गोवा, मंगळूर, कोलकाता इथल्या मंडळींना पावसाळ्यात काय निघतं ते बघून आश्चर्य वाटेल. पिनांच्या पट्टीला गोंद असतो, तो मार्गात साचला की पिना तिरक्या जातात, म्हणून तोही साफ करा. पीन वर राहिली तर दाब वाढवा, समोरून लाकूड फुगलं तर कमी करा. साग, शिसव यांना कठीण लाकडाच्या पिना वेगळ्या मिळतात.

माउंट कापायचं ब्लेड हे सर्वांत स्वस्त आणि त्यातच लोक काटकसर करतात. कापाची कड लवदार दिसली, कोपऱ्यावर रेघ वाकली की ब्लेड बदला. खोली इतकीच ठेवा की माउंट पूर्ण कापून खालच्या टाकाऊ पुठ्ठ्यावर जेमतेम ओरखडा उठेल. तो खालचा पुठ्ठाही बदलत राहा, जुन्या खाचेत ब्लेड घसरतं.

काचेच्या कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवून एकदाच, एका दमात ओढायचं. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा फिरवलं तर चाक मरतं आणि काचही वेडीवाकडी फुटते. काच कापायचं टेबल आणि माउंटचं टेबल वेगळं ठेवा. काचेचा एक कण माउंटवर सापडला की तुम्ही मनापासून पटाल.

काच की ॲक्रिलिक? घरी भिंतीवर राहणार असेल तर 2 मिलिमीटरची काच ठीक. साधी काच अतिनील किरण पुरते अडवत नाही. जलरंग, रंगीत फोटो, हस्ताक्षरं यांना परवडत असेल तर अतिनील अडवणारी काच घ्या, नाहीतर निदान ऊन पोचणार नाही अशा भिंतीवर लावा. बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांना मी ॲक्रिलिक सुचवतो: हलकं, ट्रकमध्ये फुटत नाही. पण त्याला चरे पडतात, अमोनियाच्या क्लीनरनं ते धुरकट होतं, आणि त्यावर स्थिर वीज साठते. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रासमोर ते लावलं तर रंगाची भुकटी उडून त्यालाच चिकटेल.

पट्टीबद्दल थोडक्यात. सिंथेटिक पट्टीला वाळवी लागत नाही, ओल लागत नाही, पण मोठ्या काचेचं वजन तिला पेलत नाही. कागद चढवलेला एमडीएफ दमट घरात फुगतो. लाकूड घ्या तर वाळलेलं घ्या. माझ्या जैसलमेरच्या पोस्टिंगमध्ये आसामहून आणलेल्या फ्रेमांचे कोपरे दोन महिन्यांत उघडले होते, कारण लाकडातलं पाणी वाळवंटानं ओढून घेतलं.

तंजावरच्या मराठी घरांत, आणि आता बंगळूर-चेन्नईच्याही, सोन्याच्या पानाची तंजावर शैलीची चित्रं असतात. ती उठावाची असतात, वर खडे. काच टेकली तर खडे निखळतात, म्हणून तिथे खोल खाचेची पट्टी आणि आत लाकडी अंतरपट्ट्या हव्यात. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातली जुनी देवचित्रंही अनेकांकडे आहेत, बहुधा देवघरात. त्यांच्या काचेला रोज कुंकू लागतं, हाराचं पाणी खालच्या खाचेत उतरतं, उदबत्तीचा धूर मागून शिरतो. मागची बाजू कागदानं नीट बंद करा, हार चौकटीला न टेकता वेगळ्या खिळ्यावर घाला. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका.

भिंत आणि फ्रेम यांच्यातही हवा हवी. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे ठिपके लावा. बाहेरच्या, पावसाचा मार खाणाऱ्या भिंतीवर काही लावूच नका. कसर आणि वाळवी तिथूनच सुरुवात करतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, प्रत्येक फ्रेम उलटी करून पाहा.

वहिनींच्या फोटोचं काय झालं ते राहिलं. चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही. मौल्यवान असेल तर लखनौची राष्ट्रीय संरक्षण प्रयोगशाळा किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संरक्षण विभाग अशा जाणत्या ठिकाणी विचारावं. आम्ही काचेसकट फोटो स्कॅन केला. सुभेदारसाहेबांच्या चेहऱ्याचा डावा भाग काचेच्या चमकेत थोडा गेला, बाकी सगळे जण स्पष्ट आले. त्याची प्रत सुती माउंटमध्ये, खिशांवर बसवून दिली. मूळ फोटो काचेवरून सोडवायच्या फंदात मी पडलो नाही. हार्डबोर्ड काढला, मागे आम्लरहित पुठ्ठा घातला आणि तो काचेसह तसाच कोरड्या कपाटात ठेवायला सांगितला. वहिनींनी प्रत दिवाणखान्यात लावली. मूळ फोटो मात्र कपाटात गेला नाही. तो त्यांच्या उशाशी आहे, आणि मी त्यावर काही बोललो नाही.