वाजवणाऱ्याचं नाव काय?

कुंडलची कुस्ती पाहायला आता मैदानात यावंच लागतं असं नाही. मोबाईल उघडला की समोर येते. पैलवान कोण, तालीम कुठली, वस्ताद कोण, निकाल काय लागला, सगळं खाली लिहिलेलं असतं. पण कुस्ती बघताना अंगावर काटा येतो तो हलगीमुळे. ती हलगी कुणी वाजवली, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

ही गोष्ट मला टोचू लागली ती आमच्या मामूंमुळे. ते बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवतात. एका उरुसात त्यांनी वाजवलेली धून कुणीतरी मोबाईलवर टिपली आणि स्वतःच्या चॅनेलवर टाकली. पुढच्या लग्नसराईत एक पाहुणे घरी आले. तीच धून ऐकवून मामूंना म्हणाले, "असा वाजवणारा कुठं मिळतो का बघा की." मामू म्हणाले, "तो मीच." पाहुण्यांना ते पटायला वेळ लागला, कारण खाली नाव दुसऱ्याचंच होतं. त्या धुनेवरून किती सुपाऱ्या भलतीकडे गेल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

कलावंताने मोबाईल शिकावा असं सगळेच सांगतात. पण शिकायचं काय? आमच्या घराने या प्रसंगातून घेतलेला धडा एवढाच, की आपल्या कलेला आपलं नाव चिकटवून ठेवणं ही पहिली विद्या. बाकीचं त्यामागून येतं.

ही विद्या तशी जुनीच आहे. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या गाण्याच्या तबकड्या भरल्या गेल्या. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव सांगत. तबकड्या छापल्या जात जर्मनीत. गाणं कुणाचं आहे हे तिथल्या कारागिरांना कळावं, म्हणून ही पद्धत.

आमच्या जवळच्या किर्लोस्करवाडी स्टेशनावरून, ज्याला पूर्वी कुंडल रोड म्हणत, गाडीत बसलं की पुढे मिरज लागतं. तिथे मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते 1937 साली गेले. तरी आजही त्यांचा आवाज त्यांच्याच नावाने ऐकला जातो, कारण तबकडीवर नाव होतं. त्याच मिरजेत शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तानपुरे घडवले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मिरजेचं नाव लावून दुसरीकडचा माल विकायला आता कायद्याने अटकाव आहे. वाद्य करणाऱ्यांनी नाव राखलं. आता वाजवणाऱ्यांनी राखायचं आहे.

त्यासाठी काय करावं?

पहिलं म्हणजे आपलं वादन आपणच टिपून ठेवावं. साधा मोबाईल पुरतो. पंखा बंद करावा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकावा आणि बँडच्या तोंडाशी न धरता थोडा लांब ठेवावा. मूळ फाइल कधी पुसू नये. तारखेसह असलेली ती फाइल उद्या आपला पुरावा ठरते. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर दर्जा उतरतो.

दुसरं, नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहावं. एका ठिकाणी शेख, दुसरीकडे शैख, इंग्रजीत आणखी तिसरंच, असं झालं की शोधणाऱ्याला आपण सापडत नाही. सोबत गीतकार, चाल लावणारा आणि प्रत्येक साथीदार यांची नावं द्यावीत. दुसऱ्याचं नाव गाळणं हेही हक्क मारणंच आहे.

तिसरं, नोंदणी. गाणं ॲपवर जातं तेव्हा त्याला बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. कोणतं गाणं किती वाजलं याचा हिशेब त्यावरून लागतो. गीतकार आणि संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. गायक-वादकांसाठी इसामरा आहे. 2012 च्या कायदादुरुस्तीने कलावंताचा मानधनावरचा हक्क अधिक भक्कम केला. पण यादीत नावच नसेल तर पैसे कुणाला द्यायचे?

चौथं, चालीचं भान. निकाहाच्या वरातीत सिनेमाचं गाणं वाजवायला कायद्याची आडकाठी नाही. पण तेच टिपून चॅनेलवर टाकलं, तर गाण्याचा मालक त्यावर दावा सांगू शकतो. सिनेमाच्या तर्जवर बसवलेल्या नातचंही तसंच. आपली स्वतःची चाल असेल, तर हा प्रश्नच येत नाही.

पाचवं, पैशाची सावधगिरी. सुपारी देतो असं सांगून कुणी कोड पाठवतो आणि पिन टाकायला सांगतो. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा.

आणि आता यंत्र माणसाच्या आवाजाची नक्कल करू लागलं आहे. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाच्या अशा नकलांना 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. एवढ्या मोठ्या गायिकेलाही कोर्टात जावं लागलं, तिथे आपण गाफील राहून कसं चालेल?

यातून लगेच घर चालेल, असं मात्र समजू नये. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तास पाहणं लागतं. स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्याचा मोबदला मिळत नाही. लहान गावच्या कलावंताची खरी कमाई आजही सुपारीचीच. मोबाईलने त्या सुपारीला आपल्या दाराचा पत्ता सांगावा, एवढं झालं तरी पुष्कळ.

हे सगळं म्हाताऱ्या कलावंताने एकट्याने शिकायचं नसतं. घरातल्या मुलामुलींनी हातभार लावावा. आमच्याकडे मामूंची भाची नावांची वही सांभाळते. आणि मामू? धून संपली की ते मोबाईलकडे बघतात. आधी स्वतःचं नाव सांगतात, मग गावाचं, मग एकेका साथीदाराचं. हलगीवाल्याचंसुद्धा.