एचडी संपादन : कमी खर्चात काय घ्यावे?

शेलूबाजार-मंगरूळपीर परिसरात लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणाऱ्यांसाठी :

• सॉफ्टवेअर : १९२० × १०८० साठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते; व्हिडिओवर वॉटरमार्क येत नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या; दोन्ही मोफत.

• रॅम : १६ जीबी.

• साठवण : ५० एमबीपीएसने केलेले तासाभराचे चित्रीकरण सुमारे २२.५ जीबी जागा घेते. चालू काम एसएसडीवर, जुने हार्ड डिस्कवर ठेवा. मूळ फायलींच्या दोन प्रती हव्यातच. लग्न पुन्हा लागत नाही.

• व्हिडिओ अडखळतोय? नवा संगणक घेण्याआधी प्रॉक्सी वापरा. संपादन हलक्या प्रतीवर होते, अंतिम व्हिडिओ मूळ फायलींतूनच निघतो.

• वीज : डेस्कटॉपला यूपीएस जोडाच.