उतारवयातील जुगार: विरंगुळा कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो?

"बाबा रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी पत्ते खेळायला जातात. थोडे पैसेही लावतात. काळजी करण्यासारखं आहे का?" ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडची मुले-सुना असे विचारतात तेव्हा त्यांच्या मनात दोन भीती असतात: बाबा वाहवत जातील ही एक, आणि आपण उगाच त्यांचा आनंद हिरावून घेऊ ही दुसरी.

थोडक्यात उत्तर असे. चार मित्रांत बसून, ठरलेल्या छोट्या रकमेवर, घरी सांगून खेळला जाणारा डाव हा बहुतेकांसाठी विरंगुळाच असतो. मात्र खेळ एकट्याने होऊ लागला, लपवला जाऊ लागला किंवा हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी होऊ लागला, तर त्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे. आणि आयुष्यभर ज्यांनी कधी पैसे लावले नाहीत त्यांना साठीनंतर अचानक हा नाद लागला, तर रागावण्याआधी त्यांच्या औषधांचा डबा उघडून पाहावा. असे का, ते पुढे समजावून घेऊ.

आपल्याकडे हा खेळ कोणत्या रूपात दिसतो?

पत्ते: कर्जत-कसारा लोकलमध्ये मांडीवरच्या ब्रीफकेसवर तीस वर्षे डाव मांडणारी मंडळी निवृत्तीनंतर तोच डाव सोसायटीच्या आवारात किंवा बागेतल्या बाकावर मांडतात. रमीत पॉइंटला थोडे पैसे असतात, नाहीतर हरणाऱ्याने चहा पाजायचा असतो.

लॉटरी: महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. ती सरकारमान्य असल्यामुळे तिकीट घेणे हा जुगार आहे असे अनेक ज्येष्ठांना वाटतच नाही.

मटका: हा बेकायदेशीर आहे. १९६०च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात तो फोफावला. 'कल्याण' हे त्यातले प्रसिद्ध नाव कल्याण शहरावरून आलेले नाही, ते कल्याणजी भगत या मटका चालवणाऱ्यावरून पडले. गिरण्यांत आणि कारखान्यांत उमेदवारी केलेल्या पिढीतल्या काहींना ओपन-क्लोजची सवय तेव्हापासून आहे.

हाउजी आणि भिशी: बायकांच्या मंडळात हाउजीला दहा-वीस रुपये लावले जातात. साधी भिशी म्हणजे जुगार नव्हे, ती बचतीची पद्धत आहे.

मोबाइल: ऑनलाइन रमीच्या जाहिराती पाहून अनेक ज्येष्ठ तिकडे वळले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्यामुळे आता कोणी लिंक पाठवून असा खेळ खेळायला बोलावत असेल, तर फसवणुकीची शक्यता धरूनच चालावे.

शेअर बाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शन्स: याला कोणी जुगार म्हणत नाही, पण रोज सकाळी सव्वानऊला मोबाइल घेऊन बसणे आणि तोटा भरून काढण्यासाठी आणखी मोठा सौदा करणे ही लक्षणे तीच असतात. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता.

ज्येष्ठांना स्वतःला काय वाटते?

मोकळेपणाने बोलते केले तर बहुतेक जण पैशाबद्दल बोलत नाहीत. ते सांगतात की वेळ जातो, डोके चालते, चार माणसे भेटतात. नोकरी संपली, मुले पुण्याला किंवा परदेशात गेली, जोडीदार गेला, की दुपारी चार ते सात हा वेळ खायला उठतो. अशा वेळी "या, एक डाव टाकू" म्हणणारा माणूस औषधासारखा वाटतो. ही गरज खरी आहे. घरच्यांनी तिला 'जुगारी' असा शिक्का मारला, तर खेळ थांबत नाही, फक्त घरी सांगणे थांबते.

दुसरी बाजू लाजेची आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत जुगार म्हटले की द्यूतात सर्वस्व हरलेला धर्मराज आठवतो. ज्याने आयुष्यभर मुलांना काटकसर शिकवली, त्याला "मी सत्तर हजार हरलो" हे मुलाला सांगणे फार जड जाते. आजींना तर आणखीच. म्हणून ही माणसे डॉक्टरांकडे येतात ती झोप लागत नाही, छातीत धडधडते, भूक नाही, बीपी वाढले अशा तक्रारी घेऊन. पैशाचा विषय निघतो तो बँकेचे पासबुक कोणाच्या तरी हाती लागल्यावर.

या वयात धोका वेगळा का?

तिशीतला माणूस लाखभर रुपये हरला तर पुढच्या काही वर्षांत कमावू शकतो. सत्तरीत तो मार्ग बंद असतो. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, विकलेली पेन्शन ही रक्कम एकदाच हातात येते आणि पुढची वीस वर्षे तिच्यावर काढायची असतात. ती गेली की शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, मधुमेहाच्या गोळ्या एकाआड एक दिवस घेतल्या जातात.

हिशेबही समजून घ्यावा. समजा दहा आकड्यांपैकी एकावर रोज १० रुपये लावले आणि जिंकल्यावर ९० रुपये मिळतात. शंभर दिवसांत १,००० रुपये लावले जातील. सरासरीने दहा वेळा आकडा लागेल आणि ९०० रुपये परत येतील. म्हणजे नशीब अगदी 'सरळ' चालले तरी शंभर रुपये गेले. जितके जास्त दिवस खेळाल, तितके हे गणित पक्के होत जाते.

मेंदूत काय घडते?

बक्षिसाची चाहूल लागली की मेंदूत डोपामिन नावाचे रसायन स्रवते. बक्षीस कधी मिळेल हे नक्की नसेल, तर ओढ अधिकच वाढते. ओपन लागला आणि क्लोज एका आकड्याने हुकला, तर खरे म्हणजे आपण हरलेलो असतो. पण मेंदू त्याची नोंद 'जवळपास जिंकलो' अशी करतो आणि पुन्हा खेळायला लावतो. काही व्यक्तींत ही साखळी इतकी घट्ट होते की इच्छाशक्तीने ती तुटत नाही. म्हणूनच २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू आणि इतर व्यसनांच्या गटात ठेवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. हा चारित्र्याचा दोष नाही, उपचार असलेला आजार आहे.

विरंगुळा की आजार? ही लक्षणे पाहा

गेल्या वर्षभरात पुढीलपैकी चार किंवा अधिक गोष्टी घडल्या असतील, तर जुगाराचा विकार असण्याची शक्यता असते:

- पूर्वीइतकी मजा येण्यासाठी रक्कम वाढवत न्यावी लागते.
- खेळ कमी केला की चिडचिड, अस्वस्थता होते.
- सोडण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले आहेत.
- डोक्यात सतत तेच विचार, तेच आकडे असतात.
- मन उदास किंवा बेचैन झाले की खेळावेसे वाटते.
- हरलेले पैसे भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळले जाते.
- किती खेळलो, किती हरलो याबद्दल खोटे बोलले जाते.
- खेळापायी नातेसंबंध किंवा काम धोक्यात आले आहे.
- पैशांची अडचण झाल्यामुळे इतरांकडे हात पसरावा लागतो.

एवढी यादी लक्षात राहणार नसेल तर दोनच प्रश्न विचारा. "किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का?" आणि "अधिकाधिक पैसे लावावेत असे कधी वाटले का?" यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले, तर डॉक्टरांशी बोलावे.

साठीनंतर अचानक सुरुवात झाली असेल तर

हा भाग कुटुंबीयांनी नीट वाचावा, कारण इथे वेळेवर लक्ष दिले तर नुकसान थांबवता येते.

१. औषधे: पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या आजारात प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे दिली जातात. रात्री पाय वळवळण्याच्या त्रासासाठीही ती वापरतात. ही औषधे मेंदूत डोपामिनसारखे काम करतात. हात-पायांची हालचाल सुधारते, पण काही रुग्णांत स्वतःला आवर घालण्याची शक्ती कमी होते. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० पार्किन्सन रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत जुगार, अतिखरेदी, अतिखाणे किंवा लैंगिक इच्छेचा अतिरेक यांपैकी किमान एक त्रास आढळला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. नैराश्य आणि इतर मनोविकारांत दिल्या जाणाऱ्या ॲरिपिप्राझोल या औषधाबाबतही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये असा इशारा दिला आहे.

असा बदल दिसला तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच सांगा. डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर बऱ्याच रुग्णांत हा नाद हळूहळू ओसरतो. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका. ते एकदम थांबवल्यास तीव्र बेचैनी, घबराट होऊ शकते आणि हालचाल एकाएकी बिघडू शकते.

२. स्मृतिभ्रंश: काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात विसराळूपणा नंतर येतो. आधी स्वभाव बदलतो. काटकसरी माणूस उधळपट्टी करू लागतो, अनोळखी फोनवर विश्वास ठेवतो, चारचौघांत नको ते बोलतो, घरच्यांच्या दुःखाचे त्याला काही वाटेनासे होते. असे असेल तर मेंदूची तपासणी आवश्यक आहे.

३. नैराश्य किंवा उन्माद: जोडीदाराच्या मृत्यूनंतर सुरू झालेला जुगार कधी कधी दुःख बधिर करण्याचा मार्ग असतो. उलट झोप खूप कमी, बोलणे खूप जास्त आणि मोठमोठे बेत असतील तर उन्मादाची शक्यता तपासावी लागते.

घरच्यांनी काय करावे?

- हरल्याच्या रात्री विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे, नातवंडांसमोर नव्हे, एकांतात बोला.
- "तुम्ही जुगारी झालात" असे म्हणण्याऐवजी "बाबा, हल्ली तुम्ही रात्री जागे दिसता, काही पैशांची चिंता आहे का?" असे विचारा.
- एकूण देणे किती, कोणाचे, हे एका कागदावर त्यांच्यासोबत लिहा.
- पैशाची व्यवस्था त्यांच्या संमतीने करा: यूपीआयची मर्यादा कमी करणे, मोठी रक्कम मुदत ठेवीत ठेवणे, घरखर्चाचे खाते वेगळे करणे. पैसे त्यांचे आहेत, हे विसरू नका.
- काढून घेतलेल्या वेळेच्या जागी काहीतरी द्या. ज्येष्ठ नागरिक संघ, १८६४ पासून चालू असलेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, बिनपैशांचे ब्रिज किंवा कॅरम, यांतले जे रुचेल ते. डाव बंद करून माणसेही बंद केली, तर सवय परतते.

उपचार काय असतात?

मुख्य उपचार समुपदेशनाचे असतात. 'आज आकडा लागणारच' असे विचार ओळखणे, ओढ लागते त्या वेळी आणि त्या रस्त्याने न जाणे, ओढीची लाट ओसरेपर्यंत थांबणे हे शिकवले जाते. सोबत नैराश्य, दारू किंवा निद्रानाश असेल तर त्यावर उपचार होतात. काही रुग्णांना ओढ कमी करणारी औषधेही देतात. पुन्हा घसरण झाली तर उपचार फसले असे नाही. मधुमेहात साखर वाढल्यावर आपण उपचार सोडत नाही, तसेच हे आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

त्यांचे कर्ज आम्ही फेडून टाकावे का? गुपचूप आणि एकरकमी नको. त्यामुळे पुढच्या डावासाठी रस्ता मोकळा होतो. उपचार सुरू करण्याबरोबर, सर्वांना माहीत असलेल्या हप्त्यांनी फेडावे.

आठवड्याला एक लॉटरीचे तिकीट घेतले तर चालेल का? ठरलेली रक्कम गेली तरी वाईट वाटत नसेल आणि ती वाढत नसेल, तर सहसा हरकत नाही. पूर्वी जुगाराचा विकार झालेल्यांनी आणि वर सांगितलेली औषधे घेणाऱ्यांनी मात्र टाळावे.

"तुम्हाला लॉटरी लागली, आधी कर भरा" असा फोन आला तर? पैसे भरू नका. खऱ्या लॉटरीत कर बक्षिसातूनच कापला जातो. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मदत कुठे मिळेल?

सुरुवात आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून करा, जाताना सर्व औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करते. 'टेली-मानस' या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते. ज्येष्ठांसाठी 'एल्डरलाइन' १४५६७ आहे.

कर्जात बुडालेली ज्येष्ठ व्यक्ती "माझा आता काय उपयोग", "मी गेलो तर विम्याचे पैसे तरी मिळतील" असे बोलू लागली, तर ते नुसते वैतागाचे बोल समजू नका. जुगार आणि कर्ज एकत्र आले की आत्महत्येचा धोका वाढतो. त्यांना एकटे सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. पैसे गेले ते गेले, माणूस आपल्यात आहे, हे त्यांना त्या दिवशी कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.