पाऊस सरल्यावरचा अष्टर

सिल्वासातल्या टोकरखाड्यात बागेचा हंगाम थंडी संपवत नाही, चैत्रातले ऊन संपवते. इंग्रजी पुस्तकांतला माळी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांना उशिराची फुले म्हणतो, कारण पुढे दहिवर गोठून सगळे काळे पडणार असते. आमच्याकडे त्या महिन्यांत बाग नुकती कुठे चिखलातून डोके वर काढत असते. दादरा-नगर हवेलीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे इथला उशिराचा रंग म्हणजे माघ-फाल्गुनातला. तेव्हा शेवंती ओसरलेली असते, झेंडू थकलेला असतो आणि बोगनवेल अजून पुरती भरलेली नसते. ही मधली फट गेल्या काही दशकांत अष्टरने भरली. त्यात हौशी बागवानांपेक्षा पुण्याच्या संशोधन केंद्राचा आणि फुलबाजाराचा हात मोठा आहे, असे मला वाटते.

अष्टर म्हणून आपण दोन वेगळ्या झाडांना हाक मारतो. एक बहुवर्षायू, ज्याची रांगच्या रांग विलायती बागेत शरदात जांभळी होते. त्याचे मूळ उत्तर अमेरिकेत. तिथली रानफुले इंग्लंडात गेली आणि कॉलवॉल गावच्या अर्नेस्ट बॅलार्डने त्यांची निवड करत 1907 मध्ये ‘ब्युटी ऑफ कॉलवॉल’ हा दुहेरी पाकळ्यांचा वाण पुढे आणला. 29 सप्टेंबरच्या मायकलमस सणाच्या सुमारास फुलतात म्हणून ही झाडे तिकडे त्या सणाच्या नावाने ओळखली जातात. 1994 मध्ये गाय नेसम या वनस्पतिशास्त्रज्ञाने अ‍ॅस्टर प्रजातीची फोड केली आणि यातली बहुतेक अमेरिकन मंडळी सिम्फिओट्रायकम या अवघड नावाखाली गेली. रोपवाटिकांनी ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही, आणि बरोबरच आहे. या गोतावळ्यात एक धागा आपल्याकडचाही आहे. स्वित्झर्लंडच्या कार्ल फ्रिकार्टने 1920 च्या सुमारास युरोपातल्या अ‍ॅस्टरचा हिमालयातल्या अ‍ॅस्टरशी संकर केला आणि त्या रोपांना आल्प्सच्या शिखरांची नावे दिली. त्यातला ‘म्योंख’ आजही जगातल्या उत्तम बागफुलांत गणला जातो.

हे बहुवर्षायू अष्टर सिल्वासात आणून लावणारे हौशी लोक होते आणि आहेत, पण त्यांच्या पदरात फारसे काही पडत नाही. याचे एक कारण मुळाशी साचणारे पाणी आणि दुसरे दिवसाची लांबी. या झाडाचा दांडा मोठ्या दिवसांत वाढतो आणि दिवस आखूड होऊ लागले की कळी धरतो. इंग्लंडात जूनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो. टोकरखाड्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच आटोपतो. मग दांडा बुटका राहतो, फुले तुरळक येतात आणि पुस्तकातला तो जांभळा ढग काही जमून येत नाही. व्यापारी शेतीत रात्री दिवे लावून ही उणीव भरून काढतात. गुच्छांत भरणीला डेझी म्हणून जी बारीक जांभळी-पांढरी फुले येतात, ती याच जातकुळीची. घरच्या वाफ्यावर रात्रभर बल्ब कोण जाळणार?

दुसरा अष्टर एकवर्षायू, चिनी. आपल्या हार-गजऱ्यांत असतो तो हाच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमधून त्याचे बी पॅरिसच्या राजोद्यानात पोचले, लिनियसने 1753 मध्ये त्याला अ‍ॅस्टर म्हणूनच नोंदले आणि पुढे तो कॅलिस्टेफस या स्वतंत्र प्रजातीत गेला. आपल्याकडच्या वातावरणाला जुळतील असे वाण मात्र बऱ्याच उशिरा आले. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने गडद गुलाबी कामिनी, पांढरी पौर्णिमा, शशांक आणि गोंड्यासारखा व्हायोलेट कुशन असे वाण दिले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्रातून फुले गणेश व्हाईट, पिंक, व्हायोलेट आणि पर्पल निघाले. नावात विद्यापीठही आले आणि खिंडही आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने हे वाण उचलले, कारण रोप लावल्यापासून थोड्याच महिन्यांत पैसा हाती येतो आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने लावले तर तोडा चालू राहतो.

पुण्यातल्या गुलटेकडीच्या बाजारभावात अष्टर दोन ओळींत दिसतो: जुडी आणि सुट्टा. दांड्यासकट बांधली ती जुडी, हारासाठी किलोवर विकली ती सुट्टी फुले. घाटावर पावसाळी लागण गणपतीपासून दिवाळीपर्यंत विकली जाते, हिवाळी लागण लग्नसराईला. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा उन्हाळी फूल शेतातच राहिले. महाराष्ट्रातली देवळे उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. तोवर गणपती आणि दसरा दोन्ही हातचे गेले होते. त्या वर्षी कितीतरी उभ्या फुलशेतीत नांगर फिरला.

घाटाखाली हे पंचांग जुळत नाही. मावळतीचा पाऊस सह्याद्री अडवून धरतो म्हणून पुण्याच्या पूर्वेकडचा शेतकरी आषाढात अष्टरचे रोप उभे करू शकतो. सिल्वासात तेच रोप मर रोगाने आठवड्यात माना टाकते. दमणगंगेकाठच्या या भागात पावसाळ्यात तेरडाच शोभतो. दादरा-नगर हवेलीच्या 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनालाही अंगणातला रंग म्हणजे तेरडाच.

मुळात टोकरखाड्यासारख्या वस्तीत शोभेची बाग ही तशी अलीकडची गोष्ट. 1954 मध्ये पोर्तुगीज गेले, 1961 मध्ये प्रदेश भारतात विलीन झाला, तेव्हा सिल्वासा हे वारली, कोकणा, धोडियांच्या शेताजंगलाने वेढलेले लहान गाव होते. ऐंशीच्या दशकात करसवलती मिळाल्या आणि सुताचे, प्लास्टिकचे कारखाने आले. 2001 च्या जनगणनेत सुमारे बावीस हजारांचे असलेले सिल्वासा 2011 मध्ये अठ्ठ्याण्णव हजारांवर गेले. त्यात हद्दवाढही आली. नोकरीसाठी घाटावरून आलेल्या माणसांना गावाकडची फुले हवी असतातच. कोणी सुट्टीहून परतताना शेवंतीचे फुटवे आणले, कोणी अष्टरचे बी, आणि ते पेरले गावच्याच वेळापत्रकाने, म्हणजे मृगावर. ती वाया गेलेली रोपे पाहूनच इथल्या लोकांनी हळूहळू स्वतःचे वेळापत्रक बसवले.

ते असे. वाफ्याचा कायमचा सांगाडा बहुवर्षायूंचा ठेवायचा: मागे जांभळी आणि पिवळी कोरांटी, पुढे शेवंती. कोरांटी पाऊस थांबला की आपणहून फुलते आणि थंडीभर टिकते. विलायती माळी अष्टरकडून जे काम करून घेतो ते आपल्याकडे ती कधीपासून करत आली आहे, फक्त रोपवाटिकेत तिला भाव नाही. चिनी अष्टर मधल्या मोकळ्या जागांत. बी दसऱ्याच्या आसपास गादीवाफ्यावर, मग पंधरवड्याने आणखी थोडे, असे कार्तिकापर्यंत. महिना-सव्वा महिन्याचे रोप फूटभर अंतरावर लावायचे. आखूड दिवसांमुळे हिवाळ्यात दांडा लांबत नाही, पण वाफ्यात ते बरेच, आधाराची काठी लागत नाही. एक पथ्य मात्र कडक: गेल्या वर्षी जिथे अष्टर होता तिथे यंदा नाही. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते, आणि घरच्या लहान बागेत जागा फिरवायची म्हणजे दोन-तीन वर्षांत कोपरे संपतात. मग कुंड्या.

राहिला बियाण्याचा प्रश्न. अष्टरचे बी वर्षभरातच जोम गमावते, त्यामुळे दुकानातले जुने पाकीट घेण्यात अर्थ नाही. शिवाय इथे मिळतात ती बहुधा मिश्र रंगांची पाकिटे, कामिनी किंवा फुले गणेश नावानिशी क्वचितच. पण हे झाड मुख्यतः स्वपरागित आहे. शेजारी दुसरा रंग असला तरी बरेचसे बी आईबापांवर जाते. तेव्हा एकदा घाटावरून खात्रीचे बी आणावे, फाल्गुनातली चांगली फुले झाडावरच वाळू द्यावीत, आणि बी काढून कोरड्या डबीत पावसाच्या दमटपणापासून दूर ठेवावे. टोकरखाड्यात जुलैची दमट हवा बियाण्याला दुकानदारापेक्षा जास्त फसवते, म्हणून डबीत लाकडी कोळशाचा एक वाळलेला तुकडा टाकायचा.