गोड्या पाण्यातील पांढरा मासा आणि ओव्हन : नांदेड व लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पांढऱ्या मांसाच्या, सौम्य चवीच्या माशाचे काटे काढलेले पट्टे, म्हणजेच फिलेट, ओव्हनमध्ये भाजणे ही पाश्चात्त्य स्वयंपाकातील अगदी प्राथमिक कृती समजली जाते. लोणी, मीठ, मिरपूड, लिंबाचा रस आणि पंधरा-वीस मिनिटांचा वेळ, एवढ्यात ती संपते. गृहविज्ञानाच्या पुस्तकांतून आणि नियतकालिकांतील पाककृतींच्या सदरांतून ती मराठी वाचकांपर्यंतही पोहोचली. तथापि, या कृतीने जो मासा गृहीत धरलेला आहे तो कॉड किंवा हॅडॉकसारखा थंड समुद्रातील मासा होय. नांदेड व लातूर ही शहरे समुद्रकिनाऱ्यापासून सरळ रेषेत मोजली तरी साडेतीनशे किलोमीटरपेक्षा अधिक दूर आहेत. येथील बाजारातील ताजा मासा प्रामुख्याने गोदावरी, मांजरा, मानार या नद्यांवरील धरणांतला आणि गावतळ्यांतला असतो. पुस्तकातील कृती या माशावर जशीच्या तशी केली असता मासा कोरडा पडतो, घासागणिक काटा लागतो किंवा मातीचा वास येतो. मग दोष ओव्हनला दिला जातो, नाही तर करणाऱ्याला. वास्तविक मासा बदलला पण कृती बदलली नाही, हे त्यामागील खरे कारण आहे.

काट्याच्या भीतीने घरातील वृद्ध आणि लहान मुले मासा टाळतात, ही बाब येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पचनास हलक्या प्रथिनांची गरज याच दोन गटांना अधिक असते. म्हणून काटेविरहित, कमी तेलातील मासा हा केवळ हौसेचा विषय उरत नाही. प्रस्तुत लेखात स्थानिक मासा आणि ओव्हन यांचा मेळ कसा घालता येईल, याचे विवेचन करण्यात आले आहे.

ओव्हन आणि मराठवाड्याचे स्वयंपाकघर

बंद जागेत चहूबाजूंनी उष्णता देण्याची कल्पना या प्रदेशाला परकी नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. भांड्याचे झाकण कणकेने लिंपून खाली व झाकणावर निखारे ठेवायचे, ही ‘दम’ देण्याची रीत त्या काळापासून येथील स्वयंपाकात रुळलेली आहे. नदीकाठच्या भोई समाजात मासा निखाऱ्यावर भाजण्याची पद्धतही जुनीच. विजेवर चालणारा छोटा ओव्हन मात्र घरोघरी आला तो केक आणि नानकटाईसाठी. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण भागातील दीर्घ भारनियमनामुळे तो बहुधा फडताळातच राहिला. (नानकटाईचे पीठ बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणण्याची सोय अनेक गावांत होती, मासा तेथे कोणी घेतला नसता, हे सांगावयास नकोच.) विजेचा खर्च ही अडचण समजली जाते, पण ती फारशी खरी नाही. दीड हजार वॅटचा ओव्हन आधी तापविण्यासह पंचवीस मिनिटे चालला तरी पाऊण युनिटपेक्षा कमी वीज लागते.

मासा कोणता निवडावा?

मराठवाड्यातील ग्राहकाच्या दृष्टीने रोहू, कटला आणि मृगळ हे प्रतिष्ठेचे मासे. ओव्हनच्या दृष्टीने पाहता हा क्रम जवळजवळ उलटा करावा लागतो. हे तिन्ही मासे कार्प कुळातील असून त्यांच्या स्नायूंमध्ये मणक्याला न जोडलेले, इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे बारीक काटे असतात. त्यांची संख्या एका माशात शंभराच्या घरात जाते. मधला काटा आणि फासळ्या काढून टाकल्या तरी हे काटे मांसातच राहतात. कालवणात त्याचे विशेष काही वाटत नाही, कारण आडवे तुकडे हाताने सोडवीत खाण्याची सवय असते. पांढऱ्याशुभ्र, काट्याने व सुरीने खाण्याच्या पट्ट्यात मात्र ते घशाला धोका ठरतात. रोहूचे फिलेट करण्याचा प्रयत्न म्हणूनच बहुधा निराशाजनक ठरतो.

याउलट मरळ, पंगस आणि चिलापी (तिलापिया) यांच्या मांसात असे काटे नसतात किंवा अत्यल्प असतात. मरळ उत्तम, पण महाग. शिवाय तो जिवंत विकला जात असल्याने त्याचे पट्टे काढून घेणे ग्राहकाला जड जाते. पंगस स्वस्त आहे. शीतगृहातील दुकानांत ‘बासा’ या नावाने मिळणारे गोठविलेले पट्टे याच कुळातील माशाचे असतात. पंगसाचे मांस अतिशय मऊ, पाण्याचे प्रमाण अधिक आणि प्रथिने तुलनेने कमी. गोठविलेल्या पट्ट्यांवर बर्फाचा थर चढविलेला असतो. वेष्टनावरील वजन बर्फासह आहे की बर्फाशिवाय, हे पाहूनच ते घ्यावे.

राहता राहिला चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो आपली अंडी व पिल्ले तोंडात सांभाळतो आणि साठलेल्या पाण्यातही आपोआप वाढतो. कार्प माशांचे तसे नाही. ते वाहत्या पुराच्या पाण्यात प्रजनन करतात, तळ्यात करीत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने त्यांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून तळ्यांत दरवर्षी बीज सोडणे शक्य झाले. अवर्षणप्रवण भागात हा फरक महत्त्वाचा ठरतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी मांजरा धरण कोरडे होते. अशा कोरड्या वर्षानंतर कार्पचे बीज पुन्हा विकत आणून सोडावे लागते; चिलापी मात्र एखाद्या डबक्यात तग धरून राहिला तरी पुन्हा पसरतो. हाच गुण त्याचा दोषही आहे. तो इतका वाढतो की अन्न पुरत नाही आणि मासे बोटभर-वीतभर आकारावरच खुरटतात. म्हणून बाजारात त्याला भाव नाही, आणि ‘हलका मासा’ हा शिक्काही त्यामुळेच बसला आहे. मांस मात्र पांढरे, घट्ट, सौम्य चवीचे आणि शंभर ग्रॅममागे सुमारे वीस ग्रॅम प्रथिने व दोन ग्रॅमपेक्षा कमी स्निग्धांश असलेले असते. पुस्तकातील कॉडच्या सर्वांत जवळ जाणारा मासा येथील बाजारात सर्वांत कमी मान असलेला असावा, ही मोठीच विसंगती म्हणावी लागेल. एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. ओमेगा-३ मेदाम्लांसाठी मासे खावेत असे सांगितले जाते, ते बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांना लागू पडते. या पांढऱ्या माशांकडून त्याची फारशी अपेक्षा ठेवू नये.

उष्णतेने माशात काय घडते?

माशाचे स्नायू लांब दोरांसारखे नसून पातळ पाकळ्यांसारखे रचलेले असतात. दोन पाकळ्यांमध्ये संयोजी ऊतीचा, म्हणजे मुख्यतः कोलॅजेनचा, नाजूक पडदा असतो. तापमान चाळीस ते पन्नास अंश सेल्सियसच्या दरम्यान गेले की मायोसिन हे प्रथिन गोठू लागते आणि काचेसारखे अर्धपारदर्शक मांस दुधाळ होते. पुढे कोलॅजेनचे पडदे विरघळून पाकळ्या सुट्या होतात. पासष्ट अंशांच्या पुढे ॲक्टिन हे दुसरे प्रथिन आकसते आणि धरून ठेवलेले पाणी बाहेर पिळून टाकते. कोरडेपणाची सुरुवात येथे होते. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने माशाच्या मध्यभागी त्रेसष्ट अंश तापमान यावे, असा अमेरिकेतील शासकीय दंडक आहे. गोड्या पाण्यातील माशांत परजीवी असू शकतात, त्यामुळे तो येथेही पाळणे इष्ट. म्हणजे सुरक्षित मासा आणि कोरडा मासा यांत काही अंशांचेच अंतर उरते. कालवणात हे अंतर चुकले तरी रस्सा सांभाळून घेतो. ओव्हनमधील कोरडी हवा सांभाळून घेत नाही.

पुस्तकांत शिजल्याची खूण म्हणून ‘काट्याने दाबताच पाकळ्या सुटतात’ असे सांगितलेले असते. ही खूण कॉडसाठी रास्त आहे. परंतु थंड पाण्यातील माशांच्या कोलॅजेनपेक्षा उष्ण पाण्यातील माशांचे कोलॅजेन अधिक तापमानापर्यंत टिकते. परिणामी चिलापी कॉडइतक्या सहज पाकळ्या सोडत नाही आणि त्यांची वाट पाहत बसल्यास तो हमखास अधिक शिजतो. त्यापेक्षा पट्ट्याचा सर्वांत जाड भाग सुरीच्या टोकाने किंचित उघडून पाहावा. आतील काचेसारखी झाक पूर्णपणे गेली की मासा बाहेर काढावा. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास उत्तमच.

वेळेच्या बाबतीत ‘जाडीच्या दर इंचाला दहा मिनिटे’ हा कॅनडातून आलेला नियम सर्वत्र उद्धृत केला जातो. तो सुमारे २३० अंश तापमानासाठी होता, हे मात्र गाळले जाते. शिवाय उष्णता आत शिरण्यास लागणारा वेळ जाडीच्या सम प्रमाणात वाढत नाही. तो साधारणतः जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी झाली तर वेळ निम्म्याहून बराच कमी होतो. चिलापीचा पट्टा मध्ये दीड-दोन सेंटिमीटर आणि शेपटीकडे अर्धा सेंटिमीटर असतो. म्हणून शेपटीकडील टोक खाली दुमडून जाडी सारखी करणे, ही लहानशी युक्ती कोणत्याही मसाल्यापेक्षा उपयोगी पडते. २०० अंशांवर आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये अशा पट्ट्याला दहा ते बारा मिनिटे पुरतात.

या अवधीत मासा तपकिरी होत नाही, आणि बहुतेकांची फसगत नेमकी येथे होते. पृष्ठभागावर ओलावा आहे तोवर तेथील तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही. खरपूस रंगासाठी सुमारे १४० अंश तापमान हवे. रंग येईपर्यंत थांबले की आतील मांस कोरडे झालेलेच असते. यावर उपाय म्हणजे रंग आधीच तयार ठेवणे. ज्वारीचे जाडसर पीठ किंवा पावाचा चुरा थोड्या तेलावर कढईत खमंग भाजून घ्यावा, त्यात लसूण, तिखट, किसलेले सुके खोबरे मिसळावे आणि हा थर पट्ट्यावर दाबून बसवावा. काळा मसाला मात्र आधीच भाजलेला असल्याने उघड्या पृष्ठभागावर करपून कडवटतो. तो वापरावयाचा झाल्यास थराच्या खाली, तेलात कालवून लावावा.

मीठ व लिंबू यांच्या बाबतीतही थोडे तारतम्य हवे. वीस मिनिटे पाच टक्के मिठाच्या पाण्यात ठेवलेला पट्टा पाणी अधिक धरून ठेवतो आणि भाजताना पृष्ठभागावर येणारा पांढरा साकाही कमी होतो. लिंबाच्या रसात तासभर ठेवलेला पट्टा मात्र ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच आम्लाने बाहेरून गोठतो आणि खडूसारखा लागतो.

मातीचा वास

समुद्री माशाचा उग्र वास मुख्यत्वे ट्रायमिथाइल अमाइनचा असतो. गोड्या पाण्यातील माशांत त्याचे पूर्वद्रव्य कमी असते, त्यामुळे ताजेपणी ते समुद्री माशाइतके वास मारीत नाहीत. त्यांची अडचण निराळी आहे. तळ्यातील नील-हरित शैवाले व काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. तो माशाच्या कल्ल्यांतून शरीरात शिरतो आणि चरबीत साठतो. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणाऱ्या सुगंधातही हेच द्रव्य असते. ज्या वासाची जूनमध्ये सारा मराठवाडा वाट पाहतो तोच ताटात नकोसा होतो, हा भाग वेगळा. धरणातील पाणी आटून शेवाळ वाढते अशा उन्हाळ्यात हा वास अधिक येण्याचा संभव असतो.

जिवंत मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवणे हा त्यावरील खरा उपाय. तो मत्स्यपालकाच्या हातात आहे, ग्राहकाच्या नाही. घरी करता येण्याजोगे असे की, कातडी, पोटाकडील चरबी आणि कातडीखालील लालसर पट्टी सुरीने काढून टाकावी, कारण स्निग्धांश तेथेच अधिक असतो. शिवाय आम्लाच्या सान्निध्यात जिओस्मिनचे विघटन होते. मराठवाड्यातील माशाच्या कालवणात चिंच असतेच. ती केवळ चवीसाठी पडली असेल असे मानण्याचे कारण नाही. ओव्हनसाठी चिंचेचा पातळ कोळ पट्ट्याला दहा मिनिटे लावून धुऊन टाकावा. लिंबाप्रमाणेच येथेही वेळ वाढवू नये.

फिलेटचे अर्थकारण आणि लहान मासा

एक किलो चिलापीपासून सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ३३० ग्रॅमच्या आसपास फिलेट निघते. त्यामुळे किलोचा भाव मनातल्या मनात तिप्पट करूनच तुलना करावयास हवी. उरलेले डोके व काटे वाया जात नाहीत, त्यांचे कालवण होते. अर्धा किलोपेक्षा लहान माशाचे पट्टे काढणे मात्र परवडत नाही, आणि आपल्या जलाशयांतील चिलापी बहुधा त्याहून लहान असतो. फिलिपिन्समध्ये १९८८ पासून विकसित केलेला ‘गिफ्ट’ हा सुधारित वाण लवकर वाढतो. पिंजऱ्यात त्याचे पालन केले तर आकाराचा प्रश्न सुटू शकतो. उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तेथे मासा वाढविण्याचे शिक्षण मिळते आणि गृहविज्ञान विभागांत तो शिजविण्याचे. या दोन्ही अभ्यासक्रमांत फिलेट काढण्याचे प्रात्यक्षिक समान ठेवता येण्याजोगे आहे. धरणांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांच्या सभासद महिलांना ते शिकविल्यास आज मातीमोल जाणाऱ्या माशाचे मूल्य वाढेल.

तोपर्यंत खुरटलेल्या लहान माशाचे काय करावे, हा प्रश्न राहतोच. तो अखंड भाजावा. खवले व पोट साफ करून दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तिरक्या चिरा द्याव्यात, चिरांत हळद, मीठ, लसूण व चिंचेचा कोळ भरावा आणि मासा तेल लावलेल्या केळीच्या पानात गुंडाळून २०० अंशांवर पंधरा मिनिटे ठेवावा. पानामुळे वाफ आत कोंडते, म्हणजे दमाचीच रीत येथे पुन्हा उपयोगी पडते. चिलापीत स्नायूंतले बारीक काटे नसल्यामुळे शिजल्यावर दोन्ही बाजूंचे मांस पाठीच्या काट्यावरून अखंड सुटते. फासळ्यांकडचा भाग तेवढा मोठ्यांनी खावा आणि पाठीकडचा मुलांच्या ताटात वाढावा.