शुश्रूषेतील प्रश्नांची भाषा

शस्त्रक्रियेनंतर रुग्णेस निजवून ठेवावे आणि आतडी पूर्ववत चालू होईपर्यंत तिला अन्न देऊ नये, हा संकेत दीर्घकाळ प्रमाण मानला जात असे. डॅनिश शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात त्याची फेरतपासणी केली. त्याच विचारसरणीस अनुसरून स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांसाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये ती सुधारण्यात आली. शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत आहार व हालचाल सुरू करणे आणि शक्य तेथे मूत्रनलिका लवकर काढणे, ही त्यांतील प्रमुख अंगे होत.

ही सूत्रे प्रत्यक्षात उतरविण्याचा मोठा भार परिचारिकेवर असतो, आणि तिचे पहिले साधन म्हणजे प्रश्न. मराठीभाषक रुग्णेच्या बाबतीत या प्रश्नाच्या शब्दयोजनेस विशेष महत्त्व आहे. कारण संकोचामुळे रूढ झालेले शब्दप्रयोग अनेकार्थी असतात.

उदाहरणार्थ, ‘पिशवी काढली’ याचा अर्थ गर्भाशय काढले असा होतो, तसाच लघवीची पिशवी काढली असाही होतो. ‘अंगावरून जाते’ या प्रयोगात तर स्राव व रक्तस्राव दोन्ही सामावतात. गर्भाशय काढल्यावर काही दिवस थोडा स्राव अपेक्षितच असतो. परंतु लाल रक्त, दुर्गंधी अथवा पाण्यासारखी सतत गळती ही तातडीने कळविण्याची लक्षणे होत. अशी गळती मूत्रमार्गास झालेल्या इजेची निदर्शक असू शकते. म्हणून रंग, वास आणि प्रमाण यांविषयी पृथक् प्रश्न विचारणे इष्ट.

‘पोटरीत गोळा आला’ हे विधान सर्वांत फसवे. व्यवहारात त्याचा अर्थ पेटका असा होतो आणि घरचे लोक पोटरी तेलाने चोळू लागतात. परंतु कर्करोग, ओटीपोटातील शस्त्रक्रिया व अंथरुणास खिळून राहणे यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. दुखणे एकाच पायात आहे काय, सूज वा ऊब जाणवते काय, हे विचारल्याविना पाय चोळू देऊ नये. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर गुठळीप्रतिबंधक औषध पुष्कळदा २८ दिवस द्यावे लागते. टाके भरले म्हणजे औषध संपले, अशी समजूत होऊ न देणे हेही शुश्रूषेचेच काम होय.

सारांश, हे शब्द व त्यांचे अर्थ शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णेशी बोलून निश्चित करून घ्यावेत. वेदनेच्या घटकेस ते शोधावे लागू नयेत.