बिबट्यासमोर उभं राहा, सिंहासमोर बसा

शिरूर तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात लहान पोरालाही ठाऊक असलेला नियम आहे: अंधार पडल्यावर उसाच्या कडेला वाकायचं नाही, उकिडवं तर मुळीच बसायचं नाही. दक्षिण आफ्रिकेत क्रुगरच्या आसपासच्या खासगी अभयारण्यांत उघड्या जीपमधला गाइड नेमकं उलट बजावतो: सिंह जवळ असताना उठायचं नाही. नियम दोन टोकांचे, पण कारण एकच. जनावर आपला आकार वाचतं!

बिबट्याची नेहमीची शिकार म्हणजे कुत्रं, शेळी, वासरू. दोन पायांवर ताठ उभा असलेला माणूस त्या मापात बसत नाही. गवत कापायला वाकलेली बाई किंवा परसाकडे बसलेला माणूस मात्र बसू शकतो. सिंहाला अख्खी जीप ही एकच मोठी, शिकार म्हणून निरुपयोगी वस्तू वाटते. त्यात कुणी उठलं की त्या वस्तूची बाह्यरेषा मोडते आणि आतला माणूस वेगळा दिसू लागतो. (केनियात छप्पर वर उचललेल्या गाड्यांमध्ये उभं राहू देतात, पण अंग बाहेर काढायचं नाही.) पळणं मात्र दोन्हीकडे वर्ज्य, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणं त्यांच्या रक्तातच आहे.

आफ्रिकेला जाण्याआधी या गाडीत बसून राहण्याच्या नियमाची बिनधोक तालीम करता येते. दौंड तालुक्यातल्या चौफुल्याहून सुप्याकडे वळा. हद्दीपलीकडे, बारामती तालुक्यात, मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, 1997 साली चिंकारांसाठी राखलेलं. गाडी थांबली तरी चिंकारा चरत राहतो; दार उघडून एक पाय खाली टेकवा, की तो उधळलाच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा काटेरी बाभळींचा गवताळ माळ आणि आफ्रिकेतल्या सेरेंगेटीची दक्षिणेकडची मैदानं यांचं नातंही विलक्षण आहे. तिथला पाऊस न्गोरोंगोरोचे डोंगर अडवतात. आपल्या मातीखाली ज्वालामुखीचा लाव्हा, त्यांच्या मातीत ज्वालामुखीची राख.

आफ्रिकेतल्या सफारी तळावरचे रात्रीचे नियम शिरूरकराला नवे वाटणार नाहीत. तंबूतून जेवणघरापर्यंत एकट्याने जायचं नाही, सोबत पहारेकरी हवा, हातात बॅटरी हवी. कपडे मातकट रंगाचे घ्या. निळ्या-काळ्याकडे त्सेत्से माशी ओढली जाते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात. पहिल्यांदा जाणारे कॅमेऱ्याच्या लेन्सवर आठवडे घालवतात आणि या गोळ्या विमानतळावर आठवतात, हे मला अजब वाटतं.

केनिया किंवा युगांडाला जाणार असाल, तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच आणि किमान 10 दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. वय साठीपुढचं असेल तर लसीबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. प्रमाणपत्राशिवाय परतलात, तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा कडकपणा तुमच्यासाठी कमी, घरच्यांसाठी जास्त आहे. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा पट्टेदार एडिस डास, तोच डेंगीवाला, दौंड-शिरूरच्या पाण्याच्या पिंपांत आधीपासूनच आहे. त्याच्याकडे फक्त विषाणू नाही.